चौकीतील कागद आणि चौकीबाहेरील स्मृती : महाराष्ट्र पोलीस दलाच्या इतिहासजतनाचा प्रश्न

प्रस्तावना

१ मे १९१६ रोजी बेळगाव येथे आणि त्यानंतर महिन्याभराने, ३१ मे व १ जून रोजी, अहमदनगर येथे लोकमान्य टिळकांनी स्वराज्यावर व्याख्याने दिली. ती आज आपल्या हाती आहेत, याचे श्रेय टिळकांच्या अनुयायांइतकेच पोलीस खात्यालाही द्यावे लागते. सभेत बसून भाषण लघुलिपीत टिपून घेण्यासाठी खात्याने आपला माणूस पाठविला होता. त्याच्या टिपणांच्या आधारे सरकारने टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, बॅरिस्टर जिना यांनी टिळकांची बाजू मांडली आणि जामिनाचा हुकूम रद्द झाला. हा सर्व भाग इतिहासाच्या प्रत्येक अध्यापकाला परिचित आहे. परंतु ते भाषण टिपून घेणारा माणूस कोण होता? मराठी लघुलिपी तो कोठे शिकला, त्याचे वेतन किती होते, सभेत त्याच्या शेजारी बसलेल्या श्रोत्यांनी त्याला ओळखले होते काय, आणि टिळकांचे शब्द कागदावर उतरविताना त्याच्या मनात काय चालले होते? हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय याच विसंगतीत आहे. ज्यांच्यावर पाळत ठेवली त्यांच्या इतिहासाची साधने पोलीस दलाने विपुल प्रमाणात निर्माण केली. शासनाने १९५७ पासून प्रसिद्ध केलेले स्वातंत्र्य चळवळीच्या साधनांचे खंड आणि १९८२ साली प्रसिद्ध झालेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर व अस्पृश्यांच्या चळवळीविषयीचा साधनखंड उघडून पाहावेत. त्यांतील मोठा भाग पोलिसांच्या गोपनीय वृत्तांतांचा आहे. महाड, नाशिक, पुणे येथील सभांना किती माणसे जमली, कोण काय बोलले, हे आपण पोलिसांच्या डोळ्यांनी पाहतो. मात्र हे पाहणारा जो डोळा होता, त्याचा इतिहास जतन करण्याची निकड ना खात्याला वाटली, ना आपल्या विद्यापीठांतील इतिहास विभागांना. डेव्हिड अर्नोल्ड यांनी मद्रास इलाख्याच्या पोलिसांवर १९८६ मध्ये ग्रंथ लिहिला. मुंबई शहरापुरते राजनारायण चंदावरकर आणि प्रशांत किदंबी यांनी महत्त्वाचे लेखन केले. हे सर्व इंग्रजीत आहे आणि बहुतांशी १९४७ च्या अलीकडे येत नाही.

एका दलाची अनेक दप्तरे

‘महाराष्ट्र पोलीस’ हे नाव १ मे १९६० नंतरचे असले, तरी त्यामागची दप्तरे अनेक आहेत, आणि जतनाचा विचार करताना प्रथम हीच गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मुंबई बेटावर सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने भंडारी समाजातील माणसांची पथके उभी केली. शहर पोलिसांची वंशावळ तेथून सांगण्याचा प्रघात आहे. पुण्यात पेशवाईतील कोतवाली होती. शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, बाजारभावांवर नजर, गल्लीतील तंटे, रात्रीची गस्त ही कोतवालाची कामे. तिचे कागद आज पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीत पडून आहेत. ब्रिटिश अमलात मुंबई इलाख्याने १८६१ चा अखिल भारतीय पोलीस कायदा जसाच्या तसा न स्वीकारता १८६७ आणि १८९० मध्ये आपले स्वतंत्र जिल्हा पोलीस कायदे केले. मुंबई शहरासाठी १९०२ चा कायदा निराळा होता. नागपूर व वऱ्हाड मध्य प्रांताच्या व्यवस्थेखाली होते. मराठवाड्यात निजामाची पोलीस यंत्रणा होती आणि तिचे दप्तर उर्दूत होते. कोल्हापूरसारख्या संस्थानांची पथके आणखी वेगळी.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आले, तेव्हा माणसे एका गणवेशात आली. कागद मात्र जेथे होते तेथेच राहिले. आज संशोधकाला मुंबईतील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील पुराभिलेखागार, पुण्याचे दप्तर, नागपूर, कोल्हापूर व छत्रपती संभाजीनगर येथील शाखा आणि शिवाय हैदराबाद एवढी यात्रा करावी लागते. मोडी, उर्दू आणि इंग्रजी या तिन्ही वाचू शकणारा एकच अभ्यासक मिळणे आता दुर्मीळ झाले आहे. त्यामुळे ‘राज्य पोलीस दलाचा इतिहास’ म्हणून जे सांगितले जाते तो बहुधा मुंबई शहराचा इतिहास असतो, आणि उर्वरित महाराष्ट्र त्याला परिशिष्टासारखा जोडलेला असतो.

गावपातळीवर तर याहून वेगळे घडले. १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटलाला सरकारी चौकटीत आणले आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने ते पद नव्या रूपात चालू ठेवले. शंभर वर्षे गावातील प्रत्येक अपमृत्यू, प्रत्येक परका पाहुणा, जत्रेतील प्रत्येक मारामारी या पदावरील माणसाच्या तोंडून ठाण्यापर्यंत पोहोचली. पाटलांच्या घरांतील जुने कागद पोलीस दप्तर मानायचे की खासगी, याचा निर्णय आजवर कोणी केलेला नाही. माळ्यावरच्या वाळवीने तो आपल्या परीने केला आहे.

साहेबांनी लिहिलेला इतिहास

मुंबई पोलिसांचा पहिला सुसंगत इतिहास एस. एम. एडवर्ड्स यांनी लिहिला. ते १९०९ ते १९१६ या काळात मुंबईचे पोलीस आयुक्त होते आणि मुंबई शहराच्या गॅझेटियरचे कर्तेही तेच. १६७२ ते १९१६ असा कालखंड घेणारा त्यांचा ग्रंथ १९२३ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. आजही खात्याच्या पुस्तिकांतून येणारी बहुतेक माहिती तेथूनच आलेली असते : भंडारी पथके, अठराव्या शतकातील जेम्स टॉड याची नेमणूक आणि भ्रष्टाचारावरून झालेली बडतर्फी, चार्ल्स फोर्जेटची कारकीर्द, १८६४ मध्ये फ्रँक सूटर यांची पहिले पोलीस आयुक्त म्हणून झालेली नियुक्ती, क्रॉफर्ड मार्केटसमोरील मुख्यालय. ग्रंथ वाचनीय आहे आणि एडवर्ड्स आपल्या पूर्वसूरींचे दोष लपवीत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. पण त्याची रचना साहेबामागून साहेब अशी आहे. प्रकरणे अधिकाऱ्यांच्या कारकिर्दींप्रमाणे पडतात. शिपाई त्यात संख्येने येतो, वेतनश्रेणीने येतो, क्वचित शिस्तभंगाच्या निमित्ताने येतो.

फोर्जेटचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. भारतात वाढलेला, देशी भाषा सफाईने बोलणारा हा अधिकारी १८५७ साली वेषांतर करून शहरात हिंडला आणि देशी पलटणीतील कट त्याने उघडकीस आणला, ही कथा मुंबईच्या इतिहासात रूढ आहे. त्यानंतर १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मंगल गाडिया आणि सय्यद हुसेन यांना एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडी देण्यात आले. फोर्जेटने पुढे स्वतः पुस्तक लिहून आपली बाजू मांडली, ताडदेवला त्याच्या नावाचा रस्ता आहे, आणि मंगल गाडिया व सय्यद हुसेन यांची आठवण राष्ट्रीय इतिहासाने जपली. या घटनेत सहभागी असलेले देशी पोलीस शिपाई मात्र या दोन्ही स्मृतींच्या बाहेर राहिले. फोर्जेट एकटाच वेषांतर करून हिंडला असेल, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात आत्मचरित्रे आली, तीही बव्हंशी वरिष्ठांची. खात्याच्या ‘दक्षता’ मासिकाने तपासकथा घरोघरी पोहोचविल्या आणि एका पिढीचे वाचन त्यांवर झाले, परंतु तपासकथेचा नायक गुन्हा उकलणारा अधिकारीच असतो. शिपायाला महाराष्ट्राने ओळखले ते चित्रपटातून. दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ १९७५ साली आला आणि ते नावच जातिवाचक नामासारखे रूढ झाले. हवालदाराविषयी समाजाच्या मनातील आपुलकी आणि उपहास दोन्ही त्यात आहेत. अधिकृत दप्तरात मात्र या दोहोंपैकी काहीच नाही.

दुसऱ्या बाजूची स्मृती

पोलिसांची लोकस्मृती खुद्द पोलिसांनी नव्हे, त्यांच्या हातून ज्यांनी सोसले त्यांनी जपली आहे. पुण्याचा कोतवाल घाशीराम याचे १७९१ मधील प्रकरण घ्या. कोतवालीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि संतप्त जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. १८६३ मध्ये मोरोबा कान्होबा यांनी त्याच्यावर पुस्तक लिहिले आणि १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या नाटकाने ते नाव पुन्हा जिभेवर आणले. कोतवालीचे शेकडो साधे कागद अभ्यासकांविना राहिले, आणि कोतवाल म्हणजे घाशीराम हे समीकरण मात्र टिकले. हे अन्यायाचे आहे असे म्हणता येईल, पण अकारण आहे असे म्हणता येणार नाही.

सोलापूरचे उदाहरण अधिक अवघड आहे. मे १९३० मध्ये शहरात गोळीबार झाला, जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी पेटविली आणि पुढे मार्शल लॉ पुकारण्यात आला. दोन पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. या चौघांची नावे महाराष्ट्रात आदराने घेतली जातात आणि ती तशीच घेतली गेली पाहिजेत. ज्या दोघांच्या मृत्यूवर तो खटला उभा राहिला, त्यांची नावे शोधायची तर खटल्याच्या कागदांत शिरावे लागते. चौकात ती नाहीत, आणि ती चौकात लावावीत असे कोणी म्हणणार नाही. तरीसुद्धा इतिहासकाराला एक प्रश्न टाळता येत नाही. परकीय सत्तेच्या नोकरीत असलेला, बहुधा कोरडवाहू शेतीतून उठून आलेला हा शिपाई कोणत्या स्मृतीचा भाग आहे? राष्ट्राच्या स्मृतीत त्याला स्थान नाही. ज्या सत्तेसाठी तो मेला ती निघून गेली. उरते ते केवळ दलाचे दप्तर, आणि दलाला १९४७ पूर्वीचा हा वारसा सांगताना अवघडल्यासारखे होते.

स्वातंत्र्यानंतरही हा अवघडलेपणा संपत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. आज तेथे हुतात्मा चौक आहे. ज्या राज्याच्या नावाने हे पोलीस दल ओळखले जाते ते राज्य अंशतः त्या गोळीबारात पडलेल्यांच्या बलिदानातून उभे राहिले. गोळी झाडणारे हातही बव्हंशी मराठीच असणार. त्या रात्री ते घरी, आपापल्या चाळीत कसे परतले असतील, हे सांगू शकणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे.

याच संदर्भात रामोशी समाजाचा उल्लेख आवश्यक ठरतो. किल्ल्यांची आणि गावांची राखण हे ज्यांचे पिढीजात काम, त्यांच्यातीलच उमाजी नाईक यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी झाली, आणि त्यांना पकडणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशने दुसऱ्याच वर्षी रामोश्यांचा वृत्तांत छापला. राखणदार हाच चोर, अशी नोंद तेव्हापासून सरकारी लेखनात पक्की होत गेली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची साखळी पुढे मुंबई इलाख्यातही आली. १९०८ मध्ये पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांनी इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’वर पुस्तकच सिद्ध केले. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु ठाण्यातील नोंदवह्यांची आणि त्या वाचून तयार झालेल्या नजरेची वयोमर्यादा कायद्याहून मोठी असते. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन पोलीस दलाच्या इतिहासाचेही साधन आहे, असे माझे मत आहे. दलाच्या एखाद्या संग्रहालयात केनेडींच्या पुस्तकाशेजारी ते ठेवले गेले, तर ते संग्रहालय गंभीर आहे असे समजता येईल.

गौरवपट आणि इतिहास

खात्याच्या स्मृतीचे एक अंग अलीकडच्या काळात बळकट झाले आहे, ते म्हणजे हुतात्म्यांचे स्मरण. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान चिनी सैन्याच्या हल्ल्यात मारले गेले. त्या दिवसाचा पोलीस स्मृतिदिन झाला आणि २०१८ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहिले. महाराष्ट्रात नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याने या स्मरणाला चेहरे दिले : हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. यांतील शेवटचे नाव मला विशेष महत्त्वाचे वाटते. गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. २००९ मध्ये त्यांना अशोकचक्र मिळाले. अधिकारीकेंद्रित इतिहासात खालच्या श्रेणीतील माणसाचे नाव एवढ्या ठळकपणे कोरले गेल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही. २०२१ मध्ये कोळ्याच्या एका नव्या जातीलाही त्यांचे नाव देण्यात आले.

याच्या शेजारी गडचिरोली ठेवावे. २००९ या एकाच वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी येथे नक्षलवाद्यांनी पोलिसांच्या तुकड्याच्या तुकड्या मारल्या. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनीच, जांभुळखेडा येथील सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मृत्यू पावले. ही गावे महाविद्यालयातील किती विद्यार्थ्यांना नकाशावर दाखविता येतील? चालकाचे नाव स्मृतिशिलेवर कोणत्या रकान्यात बसते, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण स्मृतीचे राजकारण अशाच रकान्यांत दडलेले असते.

तथापि गौरवपट म्हणजे इतिहास नव्हे. १८ ऑगस्ट १९८२ या दिवसाची गोष्ट गौरवपटात मावत नाही. पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या नेत्यांना अटक झाली, शिपायांनी बंड पुकारले, शहरात जाळपोळ झाली आणि लष्कर बोलवावे लागले. गिरणी कामगारांचा संप तेव्हा सात महिने चालू होता. संपकरी कामगार आणि बंदोबस्तावरचा शिपाई पुष्कळदा एकाच कोकणातल्या किंवा घाटावरच्या गावचे, कधी एकाच चाळीतले. गिरणी संपावर ग्रंथ झाले, परिसंवाद झाले, मौखिक इतिहासाचे प्रकल्प झाले. पोलिसांच्या बंडावर त्या तुलनेत फारच थोडे आहे. बडतर्फ झालेल्यांनी मौन पत्करले आणि नोकरीत राहिलेल्यांनी तर त्याहून अधिक. तसेच डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगलींविषयी न्या. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये सादर केलेला अहवाल. त्यात पोलिसांच्या वर्तनाबद्दल कठोर निष्कर्ष आहेत, आणि प्रसंगी प्राण धोक्यात घालून कर्तव्य करणाऱ्यांच्या नोंदीही त्या काळाच्या कागदांत सापडतील. दलाचा इतिहास लिहिणाऱ्याला हा अहवाल टाळून पुढे जाता येणार नाही. जो इतिहास तो टाळील, त्यातील ओंबळ्यांच्या प्रकरणावरही वाचकाचा विश्वास बसणे कठीण होईल.

ड वर्गाचे कागद

आता प्रत्यक्ष जतनाविषयी. आपल्या शासकीय कार्यालयांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षांचा, क वर्ग साधारणपणे १० वर्षांचा आणि ड वर्ग एका वर्षाचा. प्रशासनाच्या दृष्टीने ही व्यवस्था शहाणपणाची आहे, कारण सारेच ठेवायचे म्हटले तर रुमाल ठेवायला जागा पुरणार नाही. पण इतिहासाचे दुर्दैव असे की, शासन निर्णय अ वर्गात जातो आणि रोजच्या आयुष्याचा कागद खालच्या वर्गांत पडतो. हजेरीपट, गस्तीच्या वह्या, रजेचे अर्ज, खोली मिळावी म्हणून केलेल्या विनंत्या, किरकोळ शिक्षांचे हुकूम. शिपायाचा इतिहास असलाच तर याच कागदांत आहे. आईच्या आजारपणासाठी मागितलेली आणि बंदोबस्तामुळे नाकारलेली रजा हे पोलीस दलाविषयी शंभर परिपत्रकांहून अधिक सांगते, आणि नेमका तोच कागद सर्वांत आधी नष्ट होतो.

महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ यामुळे कागद नष्ट करण्यापूर्वी त्याच्या मूल्याचा विचार करण्याला वैधानिक आधार मिळाला. परंतु ठाण्याच्या पातळीवर हे मूल्यमापन कोणी करायचे? ज्या हवालदाराकडे मुद्देमालाची खोली, समन्स आणि बंदोबस्ताची यादी आहे, त्याच्याकडून ऐतिहासिक दृष्टीची अपेक्षा करणे हा विनोद आहे. दरम्यान नोंदी संगणकावर गेल्या. गुन्ह्यांच्या देशव्यापी संगणकीय जाळ्याची योजना २००९ मध्ये मंजूर झाली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनी इलेक्ट्रॉनिक नोंदीला अधिकच महत्त्व दिले. जुन्या ठाणे दैनंदिनीत खाडाखोड दिसत असे, अक्षर बदललेले दिसत असे, मध्यरात्रीची नोंद करणाऱ्याची झोप दिसत असे. संगणकातील नोंदीत यांतले काही दिसणार नाही. म्हणूनच हस्तलिखित दैनंदिन्यांची अखेरची पिढी, नमुन्यादाखल का होईना, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यातील दोन-तीन ठाण्यांची सलग दप्तरे, पुराभिलेखागाराकडे सोपविली जावीत. यासाठी नवा कायदा लागत नाही. आरोपी, साक्षीदार आणि अत्याचारित स्त्रिया यांची नावे त्यांत असतात, हे खरे आहे. त्यासाठी ठरावीक वर्षांचा बंद काळ ठेवता येईल, पण नाश हा गोपनीयतेचा उपाय होऊ शकत नाही. कागद एका ठिकाणी एकवटण्याचा धोकाही ओळखावा. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत कितीतरी विभागांच्या फायली जळाल्या.

कागदाला पूरक साधन म्हणजे माणसाची आठवण, आणि येथे महाविद्यालये काही करू शकतात. मुंबईत १९२० च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतील कितीतरी खोल्या पोलिसांना दिलेल्या होत्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथे पोलीस आणि गिरणी कामगार यांची मुले एकाच व्हरांड्यात वाढली. निळी अर्धी विजार आणि पिवळी टोपी घालून रात्रपाळीला निघालेले वडील, पट्ट्याला ब्रासो लावणारी आई, १९८२ च्या ऑगस्टमधील ती रात्र, १९९३ च्या जानेवारीत आठ-आठ दिवस घरी न आलेला भाऊ, हे सारे त्या व्हरांड्यांना ठाऊक होते. चाळींचा पुनर्विकास सुरू झाला असून वरळीतील पहिल्या सदनिकांचा ताबा २०२५ मध्ये रहिवाशांना देण्यात आला. मोठे घर मिळाले, हे चांगलेच झाले. दहा बाय सोळाच्या खोलीचे उदात्तीकरण दुसऱ्याच्या खोलीतच करता येते. पण माणसे विखुरण्यापूर्वी त्यांच्याशी बोलण्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. इतिहास विभागातील पदव्युत्तर वर्गाचे दहा विद्यार्थी, ध्वनिमुद्रणाची साधी सोय आणि आठवण सांगणाऱ्याची लेखी संमती एवढे पुरते. निवृत्त शिपायांच्या पत्नींच्या मुलाखती आधी घ्याव्यात, असे मी सुचवीन. नियमपुस्तिकेने त्यांच्यावर मौनाचे बंधन घातलेले नाही, आणि कोणत्या बंदोबस्ताहून नवरा कसा परतला हे त्यांना तारीखवार आठवते.